सावत्र लेन्स

४ फेब्रुवारी

लेन्स गेली. ऐन लग्नात. नवरा-नवरी उभी, मागे दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांची रांग, आणि माझा फोटो पांढराफटक. दुसरा घेतला, तोही पांढरा. उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या असतात, त्या उघड्या पडून तशाच अडकल्या. मी लेन्सला चापट मारली. लोकांना वाटलं फोटोग्राफरला डास चावला. एक पोरगं हसलंसुद्धा.

बाकीचं लग्न बाईसाहेबांनी आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर उरकलं. बाईसाहेब म्हणजे माझी बहीण, बाबांच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. बाबा जाताना स्टुडिओ दोघांच्या नावावर करून गेले. तेव्हापासून ही परगावची वर्तमानपत्रातली नोकरी सोडून इथे येऊन माझ्या डोक्यावर बसली आहे. राहते स्टुडिओच्या वरच्या खोलीत. मी कधी आपपरभाव केला नाही. तिला वेगळं टेबल दिलं, खिडकीपाशी. खिडकी उघडत नाही, पण उजेड येतो.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलून पाहिली आणि म्हणाला, "हिचे पार्ट कंपनीने बंद केलेत. आता शोकेसमध्ये ठेवा." बाबांच्या वेळेपासून माझा हात बसलेली लेन्स, आणि हा शोकेस सांगतो. मी त्याला असा झाडला की त्याची चहाची ऑर्डर रद्द झाली.

स्टुडिओत परत आलो तर हिचं सुरू. "दादा, नवी घेऊ या. कॅमेऱ्याच्याच कंपनीची हवी असं काही नाही. दुसऱ्या कंपन्या याच कॅमेऱ्याला बसणाऱ्या लेन्स करतात, आता चांगल्या असतात."

"कॅमेरा एका घरचा आणि लेन्स दुसऱ्या घरची? असल्या सावत्र लेन्स मला इथे नकोत," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फडकं उचललं आणि पुसलेलीच काच परत पुसायला लागली. साध्या लेन्सच्या बोलण्यावर एवढं गप्प होण्यासारखं काय होतं? हिचं नेहमीचंच. जरा काही बोललं की तोंड मिटून दुसऱ्याला गुन्हेगार ठरवायचं.

६ फेब्रुवारी

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. कंपनीची लेन्स यायला उन्हाळा उजाडेल म्हणतात, आणि किंमत ऐकून मी स्टुलावर बसलो. शाळांचे ग्रुप फोटो तोंडावर आलेत. थांबता येणार नाही, हे मलाही कळतं.

दुकानदाराने काउंटरवर दोन सावत्र लेन्स मांडल्या. एक जड, हिच्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहतं. दुसरी हलकी, तिच्यात ती सोय नाही. दोन्ही चोवीस ते सत्तरच्या, म्हणजे अख्ख्या ग्रुपपासून एका चेहऱ्यापर्यंत सगळं एकाच लेन्सने. मी या दुकानात मिसरूड फुटल्यापासून येतोय. पण तो गृहस्थ सगळं बोलत होता तिच्याशी. कोपरे कसे येतात, अंधारात फोकस किती अडखळतो, धूळ आत जाते का. ती विचारते, तो सांगतो, आणि मी मध्ये ठेवलेल्या रिकाम्या खोक्यासारखा.

तिने जड लेन्स लावून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी टिपली. पडद्यावर मोठी करून कोपरे बघितले. "दादा, तू बघ."

मी बघितलं. पाटी चांगली आली होती. "पुढचं टोपण प्लॅस्टिकचं आहे," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, टोपणातून फोटो काढत नाहीत." आणि दोघं हसली. दोघं! माझ्यावर!

जड लेन्स आठवडाभर वापरून बघायला दिली आहे. बाईसाहेबांना फ्लॅश न मारता काम करायची हौस, म्हणून जड. माझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर लावली. म्हटलं ठीक आहे, बघतोच.

८ फेब्रुवारी

हिची झूमची रिंग उलटी फिरते! एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो. म्हाताऱ्याने म्हातारीच्या गळ्यात हात टाकला, मी चेहरे जवळ आणायला रिंग फिरवली आणि फ्रेममध्ये आला सगळा हॉल, वेटरसकट. परत फिरवेपर्यंत म्हाताऱ्याने हात काढून घेतला होता.

"सवय होईल, दादा. वर्तमानपत्रात असताना मलाही दोन दिवस लागले होते," बाईसाहेब म्हणाल्या. तो हात गळ्यात असतानाचा फोटो त्यांच्याकडे आहेच. असणारच.

सवय मी का करायची? पाहुणी ती आहे.

१० फेब्रुवारी

आज रीतसर परीक्षा घेतली. ती म्हणाली, "दादा, तूच घे, म्हणजे तुझी खात्री होईल." भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, कॅमेरा तिपाईवर, आणि चोवीसपासून सत्तरपर्यंत सगळं काढून पाहिलं. मग माझ्या लेन्सने गेल्या वर्षी काढलेले तसलेच फोटो शेजारी उघडले.

लिहायला जिवावर येतंय, पण ही वही माझी आहे. कोपऱ्यातल्या छोट्या जाहिरातींची अक्षरं सावत्र लेन्समध्ये वाचता येतात. माझ्या लेन्समध्ये ती मुंग्यांसारखी दिसतात. इतकी वर्षं मी मुंग्या विकत होतो आणि कुणी बोललं नाही.

"बघितलंस?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली तो मला कळतो.

"वर्तमानपत्र सपाट असतं. माणसं सपाट नसतात," मी म्हटलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला राग लेन्सचा आलाय की तिचा?"

बायकांना लेन्समधलं काय कळतं.

११ फेब्रुवारी

कॅमेऱ्याच्या मेन्यूत एक सोय असते. लेन्स फोकस थोडा पुढे किंवा मागे धरत असेल तर आकडा बसवून तो सुधारता येतो. शून्य म्हणजे जसं आहे तसं. मी आज सावत्र लेन्सच्या नावावर मायनस पंधरा बसवला. म्हणजे ती माणसाच्या डोळ्यावर धरायला जाईल आणि पकडेल हातभर अलीकडे.

ही दुसरी परीक्षा आहे, आणि यात लपवण्यासारखं काही नाही. बाईसाहेब स्वतःला फार तयार समजतात. त्यांच्या लक्षात येतं का ते बघायचं. सोमवारी लेन्स ठेवायची की नाही हे ठरवताना ती फोटो दाखवेल, ते मऊ येतील, ती गोंधळेल. मग मी सांगेन. हसू आम्ही दोघं. किंवा नाही सांगणार, बघू.

१३ फेब्रुवारी

दुपारी अल्बम बांधणाऱ्याकडे होतो. तिचा फोन. "दादा, मोठ्या बाईंचा फोन आला होता." मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, केव्हाच्या निवृत्त. मला त्यांनी शिकवलं, हिलाही. "त्यांची तिन्ही मुलं आज एका घरात आहेत. आत्ताच्या आत्ता फोटो हवाय, नाहीतर कोणीतरी उठून जाईल म्हणतात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, फ्लॅश चालणार नाही. म्हणून मोठा कॅमेरा नेतेय, लेन्स त्यावरच आहे. नेऊ ना?"

तोंडापर्यंत आलं होतं. पण तिथे कटिंगचं यंत्र चालू होतं, बांधणारा माझ्या तोंडासमोर कव्हरचे नमुने नाचवत होता. मेन्यूत जा, अमुक पानावर जा, असल्या गोष्टी फोनवर ओरडून सांगायच्या कशा?

"ने," म्हटलं.

पंधरा काही फार नाही. आकडे वीसपर्यंत जातात. आणि ही स्वतःला एवढी हुशार समजते तर तिथे बघेलच की मोठं करून.

१४ फेब्रुवारी

एकही फोटो धड नाही.

सकाळी मी गेलो तर ती कॉम्प्युटरसमोर बसून एकेक उघडत होती. उघडायची, मोठा करायची, मिटायची. सोफ्यावर मध्ये बाई, दोन्ही बाजूंना दोन मुलगे, पाठीमागून वाकलेली मुलगी. पुढचे गुडघे, पँटची इस्त्री, सोफ्याच्या कापडाची वीण, सगळं चाकूने कापल्यासारखं. आणि चेहरे दुधात बुडवून काढल्यासारखे.

"मी स्क्रीनवर मोठं करून बघायला हवं होतं," ती म्हणाली. "दादा, तिथे श्वास घ्यायला जागा नव्हती. थोरला आणि मधला कित्येक वर्षं बोलत नाहीत. धाकटी बॅग हातातून खाली ठेवायला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, मला एक फोटो द्या आणि मग काय हवं ते करा. मी खिडकीचा पडदा सरकवला, लेन्सच्या पाकळ्या पूर्ण उघड्या ठेवून काढले, आणि थँक्यू म्हणेपर्यंत ते उठून घराच्या वाटणीवरून ओरडायलासुद्धा लागले होते."

"मी काय सांगत होतो?" मी म्हटलं. "माणसं सपाट नसतात. सावत्र ते सावत्रच."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

लेन्स मी स्वतः दुकानात परत नेली. तिथे दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल असं बोललो. हा माल विकून लोकांची कामं बुडवता, वगैरे. दुकानदार लेन्स ड्रॉवरमध्ये ठेवत म्हणाला, "बघतो." बघ म्हणावं. कंपनीची लेन्स नोंदवून आलो. येईल तेव्हा येईल.

आकडा काढायचा राहिला. आता लेन्सच गेली, आकडा राहिला काय आणि न राहिला काय.

१५ फेब्रुवारी

आज फार हलकं वाटतंय. स्टुडिओत मोठ्याने रेडिओ लावला. दोन वेळा जेवलो. बायको विचारत होती, चेहरा का उतरलाय. तिच्या चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१७ फेब्रुवारी

दुकानदाराचा फोन आला. माझ्या नाही, तिच्या मोबाइलवर! स्टुडिओ कुणाचा, लेन्स कुणी परत केली, आणि फोन कुणाला. ती "हो, हो, बरं" म्हणाली आणि ठेवला. काय म्हणत होता विचारलं तर "काही नाही, दादा."

मग तिने मोठा कॅमेरा घेतला आणि खिडकीपाशी बसली. त्यावर लेन्स नाही, नुसती धुळीची टोपी. तरी बटणं दाबत होती. बराच वेळ मागच्या स्क्रीनकडे बघत बसली. नंतर कॅमेरा बॅगेत ठेवला, चेन लावली आणि डबा न उघडता वर निघून गेली.

एक क्षण तो आकडा आठवला. पण ती कशाला त्या मेन्यूत जाईल.

१८ फेब्रुवारी

मोठ्या बाई आल्या. काठी टेकत, काळा चष्मा लावून, एकट्या. मी खुर्ची पुढे केली. बसल्या नाहीत. बहिणीने पोचतं केलेलं फोटोंचं पाकीट काउंटरवर टाकलं.

"हे फोटो म्हणायचे?"

"बाई, त्याचं असं झालं," मी पुढे झालो. "ती लेन्स दुसऱ्या कंपनीची होती. मी आधीपासून नको म्हणत..."

"लेन्स मी आणली होती का?" बाईंनी विचारलं. शाळेतला आवाज जसाच्या तसा. माझे हात आपोआप मागे गेले.

तेवढ्यात ती टेबलामागून आली. "मी काढले, बाई. चूक माझी आहे. तिथे मोठं करून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. मी नाही बघितलं."

"परत काढून देशील?"

"तुम्ही बोलवाल तेव्हा येईन."

"कुणाला काढशील? थोरला विमानात बसला. मधल्याने वकील गाठलाय. धाकटी म्हणते, या घरात पाय ठेवणार नाही. त्या तिघांना एका सोफ्यावर बसवायला मला किती वर्षं लागली, माहीत आहे? मी माझ्या आजारपणाचं खोटं सांगून बोलावलं होतं त्यांना. पुन्हा ते खोटं चालेल?"

ती उभी राहिली. बाई बोलत राहिल्या, आणि त्या काही ओरडत नाहीत, त्यांना ओरडायची गरज कधी पडली नाही. निष्काळजी म्हणाल्या. तुझ्या वडिलांनी काढलेला एकही फोटो असा नव्हता म्हणाल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी बाईंनी एक फोटो उचलून पिशवीत टाकला, बाकीचे तिथेच ठेवले आणि गेल्या.

मी म्हटलं, "कटकट टळली. मी म्हणत होतो ना, ती लेन्स..."

"लेन्स चांगली आहे, दादा," ती म्हणाली. "दुकानदाराने त्याच्या कॅमेऱ्यावर लावून बघितली. मग मी आपल्यात बघितलं. आकडा मायनस पंधरा होता."

मी काउंटरवर उरलेले फोटो पाकिटात भरले. मग म्हटलं, "कधीकधी बटण दाबलं जातं चुकून."

"पंधरा वेळा?"

बाहेर एक पोरगी पासपोर्ट फोटोसाठी येऊन उभी होती. तिला आत घेतलं, हनुवटी वर कर म्हटलं, फोटो काढला, ती गेली. बहीण तिथेच उभी होती.

"मग बाईंना का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तुला कालच कळलं होतं. माझं नाव घ्यायचं. मजा आली असती की तुला."

"त्यांच्या घरात तीन भावंडं एकमेकांच्या जिवावर उठलीत, दादा. त्यांच्यासमोर मी आणखी दोघं उभी करू?"

एवढं बोलून वर गेली. मी दिवसभर विचार करतोय. हातात एवढा हुकमाचा पत्ता असून खेळली नाही, म्हणजे मनात काहीतरी मोठं शिजतंय. सांभाळून राहिलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

शिजत होतं ते कळलं. बाईसाहेब चालल्या. महिनाअखेर खोली सोडणार. बाजारापलीकडे एका शिंप्याच्या दुकानावर जागा बघितली म्हणे. स्टुडिओतला वाटा नको, नाव तुझंच राहू दे म्हणाली. ती सावत्र लेन्स मात्र दुकानातून परत आणली, स्वतःसाठी.

वाटा नको! हा नवा डाव. लोकांत मला लुटारू ठरवायचं.

बायको म्हणाली, "ती का चालली?"

"लेन्सवरून."

"लेन्सवरून कुणी घर सोडतं का?"

मग सांगितलं. आकड्याचं, परीक्षेचं. नीट समजावून सांगितलं की ही एक चाचणी होती, आणि सोमवारी मी सगळं उलगडणारच होतो, मध्येच बाईंचं काम आलं त्याला मी काय करणार. बायको ऐकत होती.

"तिने फोनवर 'नेऊ ना' विचारलं, तेव्हा तुम्हाला आठवत होतं?"

"तिथे यंत्राचा आवाज होता."

"मी आवाजाचं नाही विचारलं."

मी म्हटलं, तू तिची वकील आहेस का. ती उठली आणि माझं ताट झाकून ठेवून आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून माझ्याशी फक्त कामाचं बोलते. दूध संपलंय, नळ गळतोय. सगळ्या बायका एकीकडे झाल्या आहेत.

२२ फेब्रुवारी

शाळेचा ग्रुप फोटो. तिचा छोटा कॅमेरा मागायचा नाही म्हणून बाबांच्या काळातली झूम नसलेली एक लेन्स शोधून काढली आणि स्वतःच मागेपुढे पळत राहिलो. पोरं हसत होती. मागची रांग बाकावरून घसरली. पूर्वी रांगा ती लावायची. कुणाला कुठे उभं करायचं हे ती कसं ठरवते कुणास ठाऊक, पण पोरं तिचं ऐकतात. मी ओरडलो तर दोघं रडली.

२३ फेब्रुवारी

का गेलो ते सांगता येणार नाही. बँकेत जायला निघालो होतो. बाईंची गल्ली वाटेत लागते. तशी लागत नाही, पण लागली.

दार बाईंनीच उघडलं. "आता काय आणलंस?"

"काही नाही. सांगायचं होतं." दारातच सांगून टाकलं. घाईघाईत, एका दमात. की आकडा मी बसवला, तिला माहीत नव्हतं, फोनवर सांगता आलं असतं आणि मी सांगितलं नाही. यंत्राच्या आवाजाचं बोलणार होतो. बाईंच्या चष्म्याकडे बघून तेवढं गिळलं.

बाई बाजूला झाल्या. आत ये असं म्हणाल्या नाहीत, पण मी आत गेलो. तोच सोफा. समोरच्या भिंतीवर तो फोटो, चौकटीत बसवलेला.

"लावलात?"

"मग काय करू? दुसरा आहे कुठे?" त्या काठीने दाखवत म्हणाल्या. "चेहरे नसले तरी कोण कुठे बसलंय ते मला माहीत आहे. आणि हे बघ. हात बघ. थोरल्याने मूठ आवळली आहे. मधल्याने नखं गुडघ्यात रुतवली आहेत. चेहरे चांगले आले असते तर मी त्यांच्या हसण्याकडे बघत बसले असते, आणि इकडे लक्ष गेलं नसतं. असा काढायचा होता का तुला?"

"नाही, बाई."

"मग तुझे आभार मानायला नकोत." त्या बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत. "शाळेत असतास तर वर्गाबाहेर उभा केला असता. या वयात काय करायचं तुझं? मी त्या मुलीला काय काय बोलले. मान खाली न घालता ऐकत होती. मला वाटलं निर्लज्ज आहे."

मी सोफ्याच्या कापडाची वीण बघत होतो.

"आलास ते तिला सांगितलंस?"

"नाही. आता सांगतो."

"सांगू नकोस. सांगितलंस तर तिला वाटेल, बक्षीस मागायला आलाय. तिच्याशी मी बोलेन. तू जा."

निघताना दार मीच ओढून घेतलं. वाटेत सारखं वाटत होतं की मी एवढं केलं, कुणीतरी बरं केलंस म्हणायला हवं होतं. बाई पूर्वीपासूनच खडूस.

२६ फेब्रुवारी

बाई तिच्याशी बोलल्या असाव्यात. आज ती बाईंच्या घरी जाऊन आली, हातात रिकामा डबा होता. माझ्याकडे आली तर काहीतरी म्हणेल म्हणून मी काउंटरवरून हललो नाही. तिने विचारलं, जुनी तिपाई कुणाची. तुझी, म्हटलं. ती माझी होती.

१ मार्च

गेली.

सकाळी टेम्पो आला. सामान फार नव्हतंच. एक पलंग, खोकी, दिवे, ती तिपाई. बायको तिच्या मदतीला वरखाली करत होती, मी जिन्याच्या तोंडाशी उभा. काहीतरी बोलायला हवं होतं. खोकं उचलू का विचारलं, तर हमालाने उचललं.

मग सुचलं ते विचारलं. कंपनीची लेन्स यायला अजून बरेच दिवस आहेत आणि कामं खोळंबली आहेत. "मला त्या दोनांतली कुठली बरी पडेल?"

ती थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि सगळं व्यवस्थित सांगितलं. लग्नाचं काम जास्त असेल तर हलकी घ्यावी, दिवसभर गळ्यात असते. शाळेच्या ग्रुपला तिचे कोपरे चांगले येतात. रिंग हिचीही उलटीच आहे, आठ दिवस घरात फिरवून सवय करावी. दुकानातून बाहेर पडायच्या आधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळचं, लांबचं, दोन्ही काढून बघावं. आणि मोठं करून बघावं. मी मध्ये दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली, घड्याळ न बघता. माहिती चांगली आहे तिला, ते नाकारता येणार नाही. उद्या जाऊन हलकीच घेऊन येतो.

निघताना तिने बायकोला मिठी मारली, मला "येते" म्हणाली. एवढं बोलली पण दादा म्हणाली नाही एकदाही. टेम्पो खाली उभा होता, घाईत असेल.